जुन्या मशीनवर लिनक्स मिंट २२ : व्हिडिओला भरपूर मार्क, बाहेरून आणलेल्या सॉफ्टवेअरला काठावर पास

निकाल आधीच सांगतो, म्हणजे घाईत असणाऱ्याला खालपर्यंत यायला नको. लिनक्स मिंट २२ (विंडोजच्या जागी टाकायची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम), हलकी एक्सएफसीई आवृत्ती, जुन्या मशीनवर ब्राउझरमध्ये व्हिडिओ बघणं, फॉर्म भरणं, पीडीएफ काढणं एवढ्यासाठी पाचपैकी साडेचार स्टार. त्याच मशीनवर कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेली डेब फाइल (लिनक्सची सेटअप फाइल) नाहीतर दहा वर्षांपूर्वीचा प्रिंटर ड्रायव्हर चालवायचा असेल तर पाचपैकी अडीच, आणि ते कापलेले मार्क खरं तर मिंटच्या खात्यात टाकायला नकोत पण त्रास तर तिथंच बसून काढावा लागतो त्यामुळे काय करणार.

माझं सांगलीत विश्रामबागला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. वालचंदची पोरं प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन येतात, विलिंग्डनची स्कॉलरशिपचे फॉर्म घेऊन येतात, मार्केट यार्डातले हळदीवाले आणि बेदाणेवाले जीएसटीचं काहीतरी घेऊन येतात. मशीन सगळ्या चौथ्या जनरेशनच्या आय-३, चार जीबी रॅम, एसएसडी मागाहून टाकलेल्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे आमच्या मशीन कंपनीच्या हिशोबानं भंगार. चालू मशीन भंगारात घालायला आपलं काय डोकं फिरलंय का. टॅली असलेलं एक मशीन विंडोजवरच ठेवलं, बाकी सगळ्यांवर मिंट.

आता व्हिडिओचं. लोकांच्या डोक्यात अजून २०१२ चं लिनक्स बसलंय, गाणं लागत नाही, व्हिडिओ लागत नाही, प्लगइन मिसिंग म्हणून पिवळी पट्टी येते. इथल्याच एका कॉम्प्युटरवाल्यानं मला तोंडावर सांगितलं की लिनक्सवर व्हिडिओ चालतच नाहीत, आणा मशीन, विंडोज मारून देतो. तो जे सांगत होता ते एकेकाळी निम्मं खरं होतं पण आता नाही. मिंट टाकताना इन्स्टॉलर एक साधा चौकोन दाखवतो, मल्टिमीडिया कोडेक इन्स्टॉल करू का म्हणून. कोडेक म्हणजे आवळून ठेवलेला व्हिडिओ-आवाज उलगडणारं सॉफ्टवेअर. त्यावर टिक करायची आणि नेट चालू ठेवायचं, विषय संपला. कोडेक आयएसओच्या (मिंट टाकायला जी फाइल उतरवतो तिच्या) आत नसतात, नेटवरून उतरतात, त्यामुळे नेट नसताना टाकलं तर ते राहून जातात. राहिले तरी बिघडत नाही, मेनूत साउंड अँड व्हिडिओच्या खाली इन्स्टॉल मल्टिमीडिया कोडेक असं असतं तिथं दाबायचं, किंवा टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) मिंट-मेटा-कोडेक्स नावाचं पॅकेज टाकायचं. (कमांड आणि पॅकेजची नावं मी इथं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.)

अर्धा स्टार मी इथंच कापला. २०१६ पर्यंत, म्हणजे मिंट १८ येईपर्यंत हे कोडेक आयएसओच्या आतच मिळायचे, नंतर काढले. पेटंटच्या भानगडी आहेत, एच-२६४ (व्हिडिओचा) आणि एएसी (आवाजाचा) वगैरे फॉरमॅटवर लायसन्स लागतं, आणि जगभर फुकट वाटायची वस्तू म्हटल्यावर ते कोण भरत बसणार. ते मान्य. पण तो चौकोन इतका साधा आहे की नवा माणूस टिक न करता पुढं जातो आणि नंतर लिनक्सला शिव्या घालतो. तिथं एक ओळ लिहायला काय जातं की बाबा हे नाही घेतलंस तर निम्मे व्हिडिओ लागणार नाहीत.

आणि कोडेक राहिले की जी गंमत होते ती ओळखायला शिका, कारण त्यात फसायला होतं. यूट्यूब मस्त चालतं. कारण यूट्यूब व्हीपी-९ आणि एव्ही-१ या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ देतं, ते रॉयल्टी-फ्री आहेत, फायरफॉक्सच्या पोटातच येतात. मग माणूस म्हणतो चला सगळं चालतंय, आणि बातम्यांच्या साइटवर किंवा कॉलेजच्या पोर्टलवर लेक्चर उघडलं की काळा चौकोन आणि इंग्रजीत एक ओळ, नो व्हिडिओ विथ सपोर्टेड फॉरमॅट अँड माइम टाइप फाउंड. यूट्यूब चालतंय आणि बाकी नाही असं दिसलं की नेटला शिव्या देऊ नका, साइटलाही नाही. फायरफॉक्स लिनक्सवर एच-२६४ आणि एएसी साठी सिस्टिममधली एफएफएमपेगची लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो सामाईक तुकडा) वापरतो, लिब-एव्ही-कोडेक, ती नाही म्हणून हे होतंय. कोडेकचं पॅकेज टाकायचं, फायरफॉक्स पूर्ण बंद करून परत उघडायचा. खात्री करायची असेल तर ॲड्रेस बारमध्ये अबाउट-कोलन-सपोर्ट टाकून खाली मीडियाच्या भागात जा, तिथं कुठला कोडेक चालतो कुठला नाही याचा तक्ताच असतो. मी मशीन ताब्यात देण्याआधी तो तक्ता उघडून बघतो, यूट्यूब लावून बघत नाही.

प्लगइनच्या यादीत फायरफॉक्समध्ये आता जास्तीत जास्त दोनच गोष्टी दिसतात आणि लोक त्या बघून घाबरतात. एक म्हणजे सिस्कोचं ओपन-एच-२६४, ते मुख्यतः व्हिडिओ कॉलसाठी, त्याच्या लायसन्सचे पैसे सिस्को भरतं. ते आहे म्हणून सगळे एच-२६४ व्हिडिओ चालतील असं समजू नका. दुसरं गुगलचं वाइडवाइन, ते ओटीटीचे कॉपी होऊ नयेत म्हणून कुलूप लावलेले (डीआरएम) व्हिडिओ उघडायला. सेटिंगमध्ये डीआरएम-कंट्रोल्ड कंटेंट प्ले करा असा एक पर्याय आहे, तो चालू केला की ते स्वतःच उतरतं. मॅचच्या दिवशी पोरं दुकानात गर्दी करतात तेव्हा हे आधीच चालू केलेलं बरं. क्रोमियम (क्रोमचा ओपन-सोर्स भाऊ) टाकलं असेल तर त्यात वाइडवाइन नसतं, गुगल क्रोममध्ये असतं, दोन्हीचं चिन्ह जवळपास सारखं त्यामुळे कस्टमर म्हणतो अहो क्रोम तर आहे की. आणि एक खरं सांगून टाकतो, लिनक्सवर वाइडवाइन सॉफ्टवेअरच्या पातळीवरच चालतं, त्यामुळे बऱ्याच ओटीटीवर फुल एचडी मिळत नाही, पैसे भरले असले तरी. मोठ्या टीव्हीला जोडून बघणार असाल तर हे आधी डोक्यात ठेवा.

फ्लॅशबद्दल अजून लोक विचारतात, हे मला पटत नाही पण विचारतात. गेल्या उन्हाळ्यात एक शाळेतले सर आले, जुन्या शैक्षणिक सीडीवरचं काहीतरी ब्राउझरमध्ये उघडत होते आणि म्हणे प्लगइन मागतंय. सर, ते प्लगइन गेलं. अडोबीनं ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद केलं आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनं स्वतःच चालायला नकार दिला. फायरफॉक्सनं तर त्याआधीच मार्च २०१७ मध्ये ५२ व्या आवृत्तीत फ्लॅश सोडून बाकी सगळी जुनी प्लगइन बाहेर काढली, जावा, सिल्व्हरलाइट सगळं, आणि जानेवारी २०२१ मध्ये ८५ व्या आवृत्तीत फ्लॅशपण. त्यामुळे सर्च केल्यावर जे जुने उपाय येतात की अमुक डॉट-एसओ फाइल (लिनक्सची लायब्ररी फाइल) डाउनलोड करून मोझिलाच्या प्लगइन फोल्डरमध्ये कॉपी करा, ते आता फुकट आहेत, फोल्डर बनवला तरी ब्राउझर तिकडं बघत नाही. आणि आज जी साइट फ्लॅश प्लेअर अपडेट करा म्हणते ती शंभर टक्के काहीतरी घाण तुमच्या गळ्यात मारतेय, टॅब बंद करा. सरांना रफल नावाचं फ्लॅशची नक्कल करणारं सॉफ्टवेअर लावून दिलं, त्यात निम्म्याहून जास्त धडे चालले, बाकीचे नाही, ते खूश.

चौथ्या जनरेशनच्या मशीनवर यूट्यूब लावलं की पंखा बोंबलायला लागतो हीपण एक तक्रार. प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सला एच-२६४ हार्डवेअरमध्ये उलगडता येतो, व्हीपी-९ नाही, मग सगळा भार सीपीयूवर. यावर एच-२६४-इफाय नावाचं एक्स्टेन्शन आहे, ते यूट्यूबला सांगतं की मला एच-२६४ च दे. कोडेक आणि इंटेलचा आय-९६५ व्हीए ड्रायव्हर असेल तर फरक कानानं कळतो. आयफोनवाली पोरं एचईव्हीसी (एच-२६४ नंतरचा नवा फॉरमॅट) व्हिडिओ आणतात, ते मिंटच्या सेल्युलॉइड प्लेअरमध्ये उघडतात, पण फोर-के असेल तर या मशीनवर अडखळत चालतात, त्याला इलाज नाही.

आता अडीच स्टारवाला भाग.

तुम्ही सॉफ्टवेअर मॅनेजरमधून काही टाकलं तर लायब्ररी मिसिंग हा प्रकार जवळपास होतच नाही, जे जे लागतं ते आप्ट (मिंटमध्ये सॉफ्टवेअर उतरवणारं साधन) आपोआप ओढून आणतं. त्रास बाहेरून आणलेल्या मालाचा. आमच्याकडं एक काळा-पांढरा लेझर प्रिंटर आहे, जो महाराष्ट्रातल्या दर दुसऱ्या झेरॉक्सवाल्याकडं असेल, कंपनीचं नाव घेत नाही. मशीन हत्तीसारखं दणकट पण त्याचा लिनक्स ड्रायव्हर कंपनीनं कधीच वाऱ्यावर सोडलाय. ६४ बिटचं पॅकेज म्हणून जे मिळतं त्याच्या पोटात कामाचे तुकडे ३२ बिटचे. पॅकेज टाकलं, एकही एरर नाही, प्रिंटर यादीत दिसतो, प्रिंट दिली की काम रांगेत बसून राहतं. टर्मिनलमध्ये जाऊन तो तुकडा हातानं चालवला तर म्हणतो नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. फाइल तर समोर दिसतेय, लिस्ट केली की दिसते, साइज दिसते, परमिशन बरोबर. इथं भले भले वेडे होतात. मग एलडीडी (प्रोग्रॅमला कुठल्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी कमांड) लावून बघावं तर तोही म्हणतो नॉट अ डायनॅमिक एक्झिक्युटेबल, म्हणजे अजून गोंधळ.

यातली खरी गोष्ट अशी की जी फाइल सापडत नाही ती तुमची नव्हेच. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असतं की मला अमुक लोडर (प्रोग्रॅम सुरू करून देणारी फाइल) लागतो, ३२ बिटवाल्याला एलडी-लिनक्स-डॉट-एसओ-डॉट-२ लागतो, तो मशीनवर नाही, आणि कर्नल (सिस्टिमचा गाभा) तेवढंच बोलून मोकळा होतो. म्हणून आधी फाइल नावाची कमांड लावायची, तिथं ईएलएफ ३२ बिट असं आलं की रोग कळला. मग डीपीकेजीला (पॅकेज सांभाळणारी कमांड) विचारायचं की दुसरं आर्किटेक्चर कुठलं चालू आहे, बहुतेक वेळा आय-३८६ (म्हणजे ३२ बिट) आधीच असतं, नसलं तर ॲड-आर्किटेक्चर करून आप्ट अपडेट, आणि मग लिब-सी-६ आणि लिब-एसटीडीसी-प्लस-प्लस-६ यांची आय-३८६ आवृत्ती. त्यानंतर एलडीडी नीट बोलायला लागतो, एकेक ओळ दाखवतो, ज्यापुढं नॉट फाउंड तेवढीच आपल्या कामाची. एक टाकली की परत बघायचं, कारण टाकलेल्या लायब्ररीलाच अजून एखादी लागत असते. आमचा प्रिंटर चालला. पण २०१९ मध्ये उबुंटूनं (मिंट ज्या लिनक्सवर बांधलंय ती) ३२ बिटची सगळीच पॅकेज बंद करायचं जाहीर केलं होतं, मग गेमवाल्यांनी आणि वाइनवाल्यांनी (वाइन म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) आरडाओरडा केला म्हणून निवडक ठेवली, आणि मिंट त्याच गोडाऊनमधून माल उचलतं, त्यामुळे जुन्या ड्रायव्हरला लागणारी प्रत्येक ३२ बिट लायब्ररी मिळेलच असं नाही. नवा प्रिंटर घेणार असाल तर ड्रायव्हर न लागणारा, आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंटवाला घ्या, सुटाल.

दुसरा घोळ नावांचा. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर उभं आहे आणि त्या आवृत्तीत बऱ्याच लायब्ररींच्या नावामागं टी-६४ लागलं. १९ जानेवारी २०३८ ला ३२ बिटवाल्या जुन्या घड्याळाचा आकडा संपतो, त्याची तयारी म्हणून वेळ मोजायचा प्रकार ६४ बिटचा केला आणि पॅकेजची नावं बदलली. वालचंदचा एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला, म्हणे दादा सगळ्या व्हिडिओत सांगतात लिब-ए-साउंड-२ टाका, आणि माझ्याकडं म्हणतंय इन्स्टॉलेशन कँडिडेट नाही. आरं बाळा, आता ते लिब-ए-साउंड-२-टी-६४ आहे, तेवढं मागं जोड. साध्या उबुंटूवर ॲपइमेजचंही (इन्स्टॉल न करता चालणारी एकच फाइल) तसंच, डबल क्लिक केलं की काहीच होत नाही, टर्मिनलमधून चालवलं की लिब-फ्यूज-डॉट-एसओ-डॉट-२ मिळाली नाही म्हणतं. लिब-फ्यूज-२-टी-६४ टाकायचं. नुसतं फ्यूज नावाचं पॅकेज टाकू नका हां, ते फ्यूज-३ ला काढायला जातं आणि त्याच्याबरोबर डेस्कटॉपचे तुकडे पण उचलायची शक्यता असते. आप्ट वाय दाबायच्या आधी काय काय काढणार त्याची यादी दाखवतं, ती वाचा. वाय एंटर वाय एंटर करत सुटणाऱ्यांसाठी टाइमशिफ्ट (सिस्टिम आधीच्या स्थितीत परत नेणारं) मिंटमध्ये आधीच दिलेलं आहे, पहिल्या दिवशीच एक स्नॅपशॉट घेऊन ठेवा.

तिसरा आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे लायब्ररीच्या नावाचा जुगाड. जुनं सॉफ्टवेअर लिब-एसएसएल-डॉट-एसओ-डॉट-१-डॉट-१ मागतं, उबुंटू २२.०४ पासून ओपन-एसएसएल (नेटवरचा व्यवहार गुप्त ठेवणारी लायब्ररी) ३ आलंय, मग कुणीतरी सांगतं की ३ वाल्या फाइलला १.१ नावाची लिंक मारून द्या. स्प्लेंडरला बुलेटची नंबरप्लेट लावली म्हणून डुगडुग वाजत नाही. डॉट-एसओच्या मागचा आकडा उगाच नसतो, आतली रचना बदलली की तो बदलतो. लिंक मारली तर पहिली एरर जाते आणि दुसरी येते, व्हर्जन ओपन-एसएसएल १.१ नॉट फाउंड. आणि ज्या साइटवर एकटी डॉट-एसओ फाइल डाउनलोडला ठेवलेली असते तिथून तर एसएसएलसारखी वस्तू अजिबात आणू नका, त्यातूनच तुमचा बँकेचा पासवर्ड जातो. आप्ट-फाइल नावाचं पॅकेज टाका, त्याला लायब्ररीचं नाव दिलं की ती कुठल्या पॅकेजात आहे ते सांगतं, तिथं नसेल तर त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती किंवा फ्लॅटपॅक (लागणाऱ्या लायब्ररीसकट येणारं पॅकेज) शोधा, तेही नसेल तर नाद सोडा. अनोळखी प्रोग्रॅमवर एलडीडी पण लावू नये, कधी कधी तो प्रोग्रॅमच चालवून बसतो, तिथं ऑब्जडंप किंवा रीड-ईएलएफ वापरायचं.

यार्डातल्या लोकांसाठी एक वेगळं सांगतो, डिजिटल सिग्नेचरचं टोकन. ते यूएसबीचं बारकं यंत्र लावलं की आपोआप चालत नाही, पीसीएससीडी ही टोकन वाचणारी सर्व्हिस लागते आणि टोकन कंपनीची एक डॉट-एसओ फाइल फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटी डिव्हायसेसमध्ये जाऊन लोड करायची. इथं मिंटचा खरा फायदा आहे, त्याच्यात फायरफॉक्स साध्या डेब पॅकेजात येतो. उबुंटूमध्ये २२.०४ पासून तो स्नॅपमध्ये येतो, स्नॅप म्हणजे कोंडलेला, सिस्टिममधली तुमची फाइल त्याला सहज दिसत नाही आणि टोकनवाला माणूस तासभर डोकं आपटतो. एक कर सल्लागार आमच्याकडं नेहमी येतात, साहेब स्वतः विंडोजवाले, पण त्यांचं टोकन आमच्या मिंटवर लागल्यावर पासवर्डची खिडकी उघडली तेव्हा चष्मा वर करून बघायला लागले. तरी टोकन घ्यायच्या आधी विक्रेत्याला लिनक्स ड्रायव्हर ६४ बिटचा आहे का ते विचाराच, आणि सरकारी पोर्टलला वेगळं साइनिंग सॉफ्टवेअर लागत असेल तर त्याची लिनक्स आवृत्ती आहे का तेही.

बाकीच्यांशी थोडक्यात तुलना. उबुंटूमध्ये कोडेकसाठी उबुंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज टाकावं लागतं, त्यात मधेच मायक्रोसॉफ्टच्या फॉन्टचं लायसन्स टर्मिनलमध्ये येतं आणि खाली ओके दिसतं पण माउस तिथं चालत नाही, टॅब दाबून ओके लाल झालं की एंटर. हे माहीत नसलेली माणसं खिडकी बंद करतात आणि मग आप्टला कुलूप लागून बसतं. फेडोरा ही दुसरी लिनक्स झकास आहे पण पेटंटवाल्या गोष्टी ते ठेवत नाहीत, आरपीएम फ्यूजन हे बाहेरचं गोडाऊन जोडून एफएफएमपेग-फ्री च्या जागी पूर्ण एफएफएमपेग घ्यावं लागतं, दुकानात रोज नवा माणूस बसतो तिथं मला ते नको.

मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, तोवर या मशीन मी बदलत नाही. घरी एक लॅपटॉप पडलाय, बँक, लाइट बिल, यूट्यूब आणि पोरांचा अभ्यास एवढंच काम आहे, तर बिनधास्त टाका. टॅली, फोटोशॉप किंवा एखादं ठरावीक मशीनचं सॉफ्टवेअर ज्यांच्या पोटापाण्याचं आहे त्यांनी त्या एका मशीनवर टाकू नका. सांगली मिरजेतलं कुणी टाकून घ्यायला येणार असेल तर दुपारी या, संध्याकाळी पोरांच्या प्रिंटची रांग असते, येताना आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणि प्रिंटरचा मॉडेल नंबर लिहून आणा, आणि लॅपटॉपमधल्या लग्नाच्या फोटोंची कॉपी आधी दुसरीकडं करून ठेवा, ते काम आम्ही करत नाही.